पाचवी पास, चौथी पास

आमच्या धर्मग्रामाच्या सणाच्या आदल्या रात्री करमणुकीचा कार्यक्रम असतो. यंदा युवकमंडळाने त्यात ‘पाचवी पास’ नावाचा खेळ बसवला होता. मंचावर शाळेचे बाक मांडून त्यांवर पाच मुले बसवली होती. समोर एकेक प्रौढ येऊन उभा राहायचा आणि पहिली ते पाचवीच्या पुस्तकांतले प्रश्न त्याला विचारले जायचे. धर्मग्राम परिषदेचे एक ज्येष्ठ सदस्य तिसरीच्या भूगोलात अडकले, तेव्हा मंडपात जो हशा पिकला तो बराच वेळ ओसरला नाही. स्वतः सदस्यही हसत होते. कार्यक्रम संपल्यावर संयोजकांपैकी एकजण, आता तिशीला टेकलेला, माझ्यापाशी येऊन म्हणाला, “फादर, टीव्हीवर असं आता काही लागत नाही. किती निर्मळ होता तो कार्यक्रम! सगळं घर एकत्र बसून बघायचं.” बोलताना त्याचा स्वर हळवा झाला होता. मी मान डोलावली, पण मनातून मला ती पुरती डोलावता आली नाही. त्या कार्यक्रमाची माझी आठवण जोहे गावातली आहे, आणि ती निर्मळ नाही.

आठवणींच्या भरात कार्यक्रम बाजूलाच राहतो. म्हणून एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे आधी त्याच्याकडेच पाहू.

‘क्या आप पांचवी पास से तेज हैं?’ हे त्याचे पूर्ण नाव. स्टार प्लस वाहिनीवर २५ एप्रिल २००८ रोजी तो सुरू झाला आणि २७ जुलै २००८ रोजी संपला. तीन महिने आणि दोन दिवस, एवढेच त्याचे आयुष्य. सूत्रधार होते शाहरुख खान. आदल्या वर्षी, २००७ मध्ये, ‘कौन बनेगा करोडपती’चे तिसरे पर्व त्यांनीच चालवले होते. खेळाचा साचा अमेरिकेतून आणलेला. तिकडे तो फेब्रुवारी २००७ मध्ये फॉक्स वाहिनीवर प्रथम दिसला. प्रश्न पहिली ते पाचवी या इयत्तांच्या विषयांवरचे आणि सर्वांत मोठे बक्षीस पाच कोटी रुपयांचे. स्पर्धकाच्या मदतीला पाच शाळकरी मुले असत. अडलेल्या स्पर्धकाला एकदा मुलाच्या उत्तरात डोकावून पाहता येई, एकदा ते डोळे झाकून जसेच्या तसे उचलता येई. आणि आपले उत्तर चुकले, पण मुलाचे बरोबर निघाले, तर ते मूल त्याला एकदा वाचवू शके. हरणाऱ्याने आपण पाचवी पास मुलापेक्षा हुशार नाही असे सर्वांसमक्ष कबूल करावे, ही खेळाच्या मूळ बेतातलीच अट. शेवटच्या भागाला तेव्हाचे रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव आले होते. एवढा लोकप्रिय नट, एवढे मोठे बक्षीस, शिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीचे दिवस. तरीही वाहिनीला हवा होता तेवढा प्रेक्षक काही जमला नाही. त्याच सुमारास, १८ एप्रिल २००८ पासून, आयपीएल नावाचे क्रिकेटही प्रथमच घराघरांत शिरले होते, आणि त्यातल्या कोलकात्याच्या संघाचे एक मालक शाहरुख खानच होते, ही त्यातली गंमत.

या कार्यक्रमात काही चांगले नव्हते असे मी म्हणणार नाही. प्रश्नमंजूषा आपल्या दूरदर्शनवर जुन्याच. मुंबई केंद्रावर साबिरा मर्चंट यांचा इंग्रजी शब्दांचा खेळ कित्येक वर्षे चालला. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ आला आणि महाविद्यालयातली मुले घड्याळाकडे बघत उत्तरे देताना देशाने पाहिली. पुढे ३ जुलै २००० रोजी ‘करोडपती’ सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे हे पहिले करोडपती ठरले. त्या खेळात मदतीचे मार्ग होते खरे, पण अमिताभ बच्चन यांच्यासमोरच्या खुर्चीत माणूस मुळात एकटाच असे. ‘पाचवी पास’मध्ये मात्र प्रौढाच्या शेजारी एक मूल उभे असे आणि ते मूल त्याला वाचवू शकत असे. वाचवल्याचे कळताच मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटे तो मला अजून आठवतो. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत आहे आणि त्यांना प्रश्न विचारत आहे, असे वर्णन येते. त्या प्रसंगात थोरांना कमीपणा वाटल्याचा उल्लेख नाही, ते थक्क झाले एवढेच लूक सांगतो. मुलापुढे थक्क होण्याची ती मोकळीक या खेळाच्या काही क्षणांत खरोखर होती. आमचा संयोजक ज्याला निर्मळ म्हणतो ते बहुधा हेच.

पण लूकच्या त्या प्रसंगात मूल प्रश्नही विचारते. दूरचित्रवाणीवरच्या पाच मुलांपुढे प्रश्न छापून ठेवलेले होते. त्यांनी फक्त उत्तरे द्यायची.

आता जोह्याविषयी. २००८ साली मी रायगड जिल्ह्यात नेमणुकीला होतो. पेण तालुक्यातले जोहे हे हमरापूरच्या शेजारचे गाव. हा सारा पट्टा गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. साच्यातून काढलेल्या, अजून रंग न लागलेल्या मूर्तींच्या पांढऱ्या रांगा घरांच्या पडव्यांतून, मांडवांतून, अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत आलेल्या असतात. त्या वर्षी गणेशचतुर्थी ३ सप्टेंबरला होती. म्हणजे हा कार्यक्रम जेवढा चालला तेवढा सगळा काळ तिथल्या ऐन हंगामाचा. मूर्ती भरण्यासाठी लाकडी खोकी करणारा एक सुतार आमच्या धर्मग्रामातला होता आणि हंगामापुरता बायकामुलांसह तिथेच खोली घेऊन राहायचा. मे हा मरियामातेचा महिना, म्हणून घरोघर जपमाळेची प्रार्थना असते. त्याच्या खोलीवर मी प्रार्थनेसाठी जाऊ लागलो तो त्या निमित्ताने. प्रार्थनेची वेळ दोनदा बदलावी लागली. कारण सुताराची मुले शेजारच्या कारखान्यात ‘पाचवी पास’ पाहायला पळत. मी रागावलो नाही. प्रार्थना उरकून मीही त्यांच्यामागे कारखान्यात जाऊन बसू लागलो.

कारखान्यात दूरचित्रवाणी संच भिंतीवर उंच लावलेला होता. पाहणारे आम्ही तिघेचौघे रिकामटेकडे. बाकीचे सारे ऐकणारे. हातात कुंचला असला की मान वर करता येत नाही. आखणी करणाऱ्याला तर मुळीच नाही. आखणी म्हणजे मूर्तीच्या डोळ्यांची रेखा. शरीर, पितांबर, दागिने असे सगळे रंगकाम झाल्यावर शेवटी ती करतात आणि कारखान्यातल्या निवडक हातांनाच ते काम मिळते. प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम अशा जागी फार सोयीचा. मालिकेत कोण रडते ते बघावे लागते, प्रश्न मात्र कानाने पुरतो. रंगवणारी पोरे मान खाली घालूनच उत्तरे ओरडत, बरोबर आले की एकमेकांना कोपर मारत, आणि एखाद्या सुटाबुटातल्या स्पर्धकाचे साधे गणित चुकले की सारा कारखाना खदखदून हसे. मोठ्या शिकलेल्या माणसाची फजिती ऐकण्यातले सुख मी तिथे पाहिले. ते सुख अगदीच वाईट होते असे मला वाटत नाही.

आखणी करणारी एक बाई कधी हसत नसे आणि उत्तरही देत नसे. चाळिशीची असावी. सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून मीही. जवळच्या एका वाडीवरून ती कामाला येई आणि संध्याकाळी तिची धाकटी मुलगी रंगाच्या वाट्या धुवायला तिच्यापाशी येऊन बसे. मुलीने चौथीची परीक्षा दिली होती.

इथे हिंदी ‘पाँचवी पास’ आणि मराठी ‘चौथी पास’ यांतला फरक सांगितला पाहिजे, कारण दिल्लीत किंवा मुंबईच्या स्टुडिओत बसून तो कुणाच्या ध्यानात आला नसावा. उत्तरेकडे पाचवी म्हणजे प्राथमिक शाळेचा शेवट. आपल्याकडे तो चौथीला. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा त्या काळी चौथीपर्यंतच होत्या आणि शिष्यवृत्तीची परीक्षाही चौथी आणि सातवीला असे. ती पाचवी-आठवीला नेली ती त्यानंतर. पाचवीला शाळा बदले, गाव बदले, चालण्याचे अंतर बदले. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी मराठी शाळेतल्या मुलाची इंग्रजीशी गाठ पडे तीही पाचवीतच. मुलींच्या बाबतीत तर पुष्कळ घरांनी चौथीनंतरच पूर्णविराम दिला. ‘चौथी शिकलेय’ हे वाक्य त्या पिढीतल्या बायका जशा स्वरात उच्चारतात, त्यात पुढे शिकता आले नाही हे न सांगताच सांगितलेले असते. अशा माणसाच्या कानावर आठवड्यामागून आठवडे एकच प्रश्न पडत होता, तोही विनोदाच्या सुरात: आपण पाचवी पास झालेल्यापेक्षा हुशार आहात काय? मुंबईतल्या स्पर्धकाला हा प्रश्न गुदगुल्या करणारा होता, कारण उत्तर काहीही आले तरी त्याची पदवी शाबूत होती. मावशीला तो विनोद कसा लागत असेल याचा विचार मी केला, पण अर्धवट केला. त्याबद्दल पुढे.

एका संध्याकाळी कार्यक्रम ऐन रंगात असताना वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते, कुणी नवल केले नाही. कंदील लागले. रंगकाम थांबले, कारण कंदिलाच्या उजेडात रंगाचा खरा पोत कळत नाही. आणि मग, कुणी न सांगता, तिथे कोडी सुरू झाली. प्रश्नोत्तरांची चटक लागलेलीच होती, फक्त आता प्रश्न घरचे होते. कोकणात आपण याला हुमाण म्हणतो, कुठे उखाणा म्हणतात. तोवर गप्प असलेल्या मावशीने एक घातले: “सगल्यांचे शेवटी येतो नि सगल्यांचे आधी बगतो, तो कोन?” सुतार हरला. कारखान्यात हिशेब लिहायला येणारे एक निवृत्त शिक्षक हरले. गुरुविद्यालयात तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून इतकी वर्षे घालवलेला मी, मृत्यूपासून देवदूतापर्यंत सगळी उत्तरे देऊन झाली, हरलो. वाट्या धुणारी मुलगी मात्र हसत होती. आईने मान हलवून परवानगी दिली तशी ती म्हणाली, “डोला.” मूर्तीचा डोळा. तो शेवटी रंगवतात, आणि मूर्ती घरी आली की आधी तोच आपल्याकडे पाहतो.

या एका प्रसंगाने मला त्या कार्यक्रमाची उणीव जेवढी कळली तेवढी नंतर काही वाचून कळली नाही. कोड्याचे उत्तर कोड्याच्या पोटातच असते. ऐकणाऱ्यापाशी दोन डोळे आणि थोडा धीर असला की ते निघू शकते. शाळा पाहिलेला आणि न पाहिलेला तिथे एका पाटावर बसतात. परीक्षेच्या प्रश्नाचे उत्तर बाहेर असते, पुस्तकात. ज्याला पुस्तक मिळाले त्याला ते ठाऊक. न मिळालेल्याने कितीही विचार केला तरी भारताच्या घटना समितीचे अध्यक्ष कोण हे विचाराने निघत नाही. ‘पाचवी पास’ची सजावट सारी कोड्याच्या खेळाची होती: रंग, हशा, मुले, डोकावून पाहण्याची लबाडी. गाभा मात्र परीक्षेचा होता. लोक आज ज्याची आठवण काढतात ते कोडे आहे. वाहिनीने दाखवली ती तोंडी परीक्षा.

पवित्र शास्त्रातले सर्वांत प्रसिद्ध कोडे शमशोनाचे. शास्ते या पुस्तकात ते आहे. लग्नाच्या मेजवानीत त्याने तीस सोबत्यांपुढे पैज लावली: सात दिवसांत ओळखा, नाहीतर तीस तागाची वस्त्रे आणि तीस पोशाख द्या. गुरुविद्यालयात आम्ही ते कोडे म्हणूनच शिकलो. पण नीट पाहिले तर ते कोडे नव्हेच. मेलेल्या सिंहाच्या सांगाड्यात मधमाश्यांनी पोळे केले होते हे शमशोनाने एकट्याने पाहिलेले. आईबापांनाही सांगितले नव्हते. ज्याचे उत्तर एकट्या विचारणाऱ्यालाच ठाऊक आहे ते सोबत्यांनी बुद्धीने ओळखावे कसे? म्हणून त्यांनी नवरीला धमकावले, तिने रडून नवऱ्याकडून उत्तर काढले, आणि शेवटी ती तीस वस्त्रे अष्कलोनातल्या तीस माणसांच्या प्रेतांवरून आली. पैसा लावलेल्या प्रश्नोत्तरांचा पुढचा इतिहासही फार निराळा नाही. अमेरिकेत ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमातला लाडका विजेता, चार्ल्स व्हॅन डोरेन हा तरुण प्राध्यापक, याला उत्तरे आधीच पुरवली जात होती. नोव्हेंबर १९५९ मध्ये त्याने ते तिथल्या संसदेच्या समितीपुढे कबूल केले. आपल्याकडे वर्तमानपत्री शब्दकोड्यांवर मोठी बक्षिसे लागू लागली तेव्हा १९५५ मध्ये बक्षीस स्पर्धांना आवर घालणारा कायदा करावा लागला आणि महिन्याची बक्षिसे एक हजार रुपयांच्या आत ठेवण्याचे बंधन आले. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चामरबागवाला प्रकरणात सांगितले की हा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांना लागू आहे. जिथे कसब निर्णायक आहे तिथे नाही. कसब आणि नशीब यांतली सीमा न्यायालयाने आखून दिली. तिसरी एक गोष्ट, आपण कुठल्या घरात जन्मलो आणि शाळा किती लांब होती ही, कसबात धरायची की नशिबात, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हता. ‘पाचवी पास’ पाहताना मला तो पडे.

आपल्या परंपरेत प्रश्न विचारण्याचा मान कुणाचा, हेही आठवून पाहावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यात श्रोते मधेच शंका विचारतात आणि पाद्री गुरू त्यांचे समाधान करतात. पुराण पुढे सरकते ते पुष्कळदा न कळलेल्याच्या प्रश्नावर. न कळणे हे तिथे लाजेचे नाही, कथेला गती देणारे आहे. दूरचित्रवाणीने हे उलटे केले. न कळणाऱ्याला उजेडात उभे केले, पार्श्वसंगीत वाजवले, उत्तर सांगण्यापूर्वी श्वास कोंडेल एवढा वेळ थांबवले. शाहरुख खान यांची जीभ तेज आणि स्वभाव लाघवी, म्हणून ती लाज हसण्यावारी जाई, हे मान्य. एखाद्या रुक्ष सूत्रधाराच्या हाती हाच खेळ क्रूर झाला असता.

आता माझ्याविषयी. कोड्याच्या त्या संध्याकाळीनंतर चारपाच दिवसांनी मी निघालो असता मावशीने कुंचला खाली न ठेवता विचारले, “फादर, पाचवीन असा काय शिकवतान?” मला वाटले, हिच्या मनाला तो रोजचा विनोद लागला आहे, चौथीवर थांबल्याची खंत बोलते आहे. तिला बरे वाटावे म्हणून मी हसून म्हणालो, “काही विशेष नाही हो मावशी. चौथीचेच सारे, थोडे वाढवून.” तिने मान हलवली आणि ती पुन्हा कामाला लागली. परतताना, एका दुखावलेल्या माणसाला मी दोन शब्दांत सावरले, असे समाधानही मला वाटले होते. ते आज लिहिताना शरम वाटते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुताराच्या बायकोने सहज सांगितले की मावशीची मुलगी शाळेत गेली नाही. वाडीवरची शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची लांब, आणि पावसात वाट वाईट. मी लगेच जोह्याला गेलो. शिक्षणाचे महत्त्व, मुलींचे भवितव्य, जे बोलायचे ते बोललो. मावशीने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “तुमीच बोल्लाव ना, काय विशेष नाय.” तिने मे महिन्यात मला जे विचारले होते ते स्वतःसाठी नव्हतेच. घरात निर्णय व्हायचा होता आणि ज्याला विचारावे असा शिकलेला माणूस तिला मी दिसलो होतो. तिचा प्रश्न साधा होता, त्याचे उत्तर पुस्तकात होते, आणि मला ते येत होते: अपूर्णांक, नकाशा, इंग्रजी वाक्य, आणि त्यापलीकडे सहावीचा दरवाजा. तिच्या प्रश्नात मी कोडे शोधले आणि उत्तर चुकलो.

त्या वर्षी मुलगी गेली नाही. पुढल्या वर्षी माझी बदली झाली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० पासून.

त्याच जुलैत घडलेली एक गोष्ट समीक्षकांच्या नजरेतून सुटू नये. २१ जुलै २००८ रोजी कलर्स ही नवी वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर ‘बालिका वधू’ ही मालिका आली. लहानपणीच लग्न लागलेली राजस्थानातली आनंदी आणि तिचे मागे पडलेले बालपण हा तिचा विषय. सहा दिवसांनी ‘पाचवी पास’ संपला. पहिल्या कार्यक्रमातली पाच मुले सगळ्यांची उत्तरे जाणत होती आणि तीन महिन्यांत विसरली गेली. दुसरीतल्या मुलीची शाळाच सुटत होती आणि ती मालिका २०१६ पर्यंत चालली. जोह्याच्या कारखान्यात ऑगस्टमध्ये मी शेवटचा गेलो तेव्हा तोच संच, तीच उंच भिंत, आणि बायका आता हात थांबवून माना वर करून पाहत होत्या. मालिका म्हणून ‘बालिका वधू’ पुढे फार ताणली गेली, रडण्याचा बाजार झाला, हे खरे. पण सुरुवातीच्या दिवसांत तिने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर पाहणाऱ्या प्रत्येक बाईजवळ होते. पाच कोटींच्या प्रश्नाचे नव्हते.

मग आमच्या संयोजकाची आठवण खोटी का? तसे मी म्हणणार नाही. २००८ मध्ये तो शाळकरी होता, सुट्टी होती, वडील कामावरून लवकर यायचे, आणि आयुष्यात पहिल्यांदा वडिलांना न आलेले उत्तर त्याला येत होते. त्या घरात त्या रात्री काहीतरी चांगले घडत होते आणि ते घडायला तो कार्यक्रम निमित्त झाला. मात्र ही आठवण एका ठरावीक बाकावरून काढलेली आहे, आणि कार्यक्रमाची स्तुती म्हणून ती चालवून घेता येत नाही. अलीकडे यूट्यूबवर मी त्याचे काही तुकडे पाहिले. माझ्या अपेक्षेहून ते कितीतरी गोंगाटाचे निघाले. मुले गोड आहेत, पण पढवलेली वाटतात. सूत्रधार प्रसन्न आहे. प्रश्न मात्र मला एकही आठवत नव्हता, आणि पाहून झाल्यावर दोन दिवसांनी पुन्हा एकही आठवेना. कंदिलाच्या उजेडातला तो एकच प्रश्न इतकी वर्षे डोक्यात आहे.

गेल्या वर्षी पेणला एका अंत्यविधीसाठी जाणे झाले, तेव्हा जोह्याला वळलो. मावशी आता घरी असते, डोळे अधू झाले आहेत. आखणी मुलगी करते. मी उभा होतो तेवढ्यात तिने दोन मूर्तींचे डोळे पुरे केले. हात एकदाही अडखळला नाही. तिने मला ओळखले नाही आणि मीही आठवण करून दिली नाही. तिची स्वतःची मुलगी बाजूला स्टुलावर गृहपाठ करत बसली होती. “कितवीला?” मी विचारले. “सहावी,” ती म्हणाली आणि पुन्हा वहीत डोके घातले.

पुढच्या सणालाही हाच खेळ ठेवायचा असे युवकमंडळाने ठरवले आहे आणि प्रश्न काढायचे काम माझ्याकडे आले आहे. मी मावशीचे कोडे लिहून दिले, आणखी दहाबारा ठिकठिकाणांहून गोळा करून दिली, आणि मुलांनीही मोठ्यांना प्रश्न विचारावेत असे सुचवले. संयोजकाने कागद नीट वाचला, मावशीच्या कोड्यापाशी थांबला, बराच वेळ विचार केला, आणि मग मला विचारले, “फादर, हे छान आहे, पण ह्याला इयत्ता कोणती लावू?”